जुन्या लॅपटॉपवरील खर्च : कोठे करावा, कोठे टाळावा

पश्चिम रेल्वेच्या केळवे रोड स्थानकावर उतरून समुद्राच्या दिशेने निघाले की काही किलोमीटरांवर केळवे गाव लागते. सुरूची बने, शितळादेवीचे मंदिर आणि पानवेलींच्या व भाजीपाल्याच्या वाड्या यांमुळे हे गाव मुंबईकरांच्या चांगल्या परिचयाचे आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आलेल्या पालघर जिल्ह्याचे मुख्यालय येथून जवळच असून त्यापलीकडे बोईसर-तारापूरचा औद्योगिक पट्टा पसरला आहे. वाडी, मासेमारी आणि पर्यटकांची उतरण्याची व्यवस्था यांवर चालणाऱ्या या किनारपट्टीतही शिष्यवृत्तीचा अर्ज, सातबाराचा उतारा, महाविद्यालयाची प्रवेश-प्रक्रिया ही कामे आता संगणकावाचून होत नाहीत. २०२० साली शाळा-महाविद्यालयांचे वर्ग बंद झाले तेव्हा अनेक मध्यम व अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांनी नवे नाही तरी वापरलेले लॅपटॉप घेतले. ती यंत्रे आता थकली आहेत. ती दुरुस्त करावीत, वाढवावीत की टाकून द्यावीत, हा प्रश्न म्हणूनच घरोघरचा झाला आहे.

उदाहरणादाखल केळव्यातील एका वाडीवाल्या कुटुंबाची कल्पना करावी. मुलगी पालघरला वाणिज्य शाखेत शिकते. घरातील लॅपटॉप २०१६ सालचा, मुंबईतील एखाद्या कचेरीतून निघालेला. त्यात चार जीबी रॅम, फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क आणि जेमतेम अर्धा तास तग धरणारी बॅटरी. यंत्र चालू करून चहा ठेवावा, चहा प्यावा, तरी पडद्यावरील चक्र फिरतच असते. कुटुंबाने यासाठी पाच हजार रुपये बाजूला काढले आहेत. त्याहून अधिक निघण्यासारखे नाहीत. दुकानात विचारावे तर एक जण रॅम वाढवा म्हणतो, दुसरा बॅटरी बदला म्हणतो, तिसरा नवे यंत्र हप्त्यावर देऊ करतो. दुकानदाराचा यात दोष असतोच असे नाही. जे विकावयास ठेवलेले असते तेच तो सुचवणार. निर्णय कुटुंबालाच करावयाचा आहे आणि तो करण्यापूर्वी दोन प्रश्नांची उत्तरे मिळवणे आवश्यक आहे. यंत्र नेमके कशासाठी खोळंबते, हा पहिला प्रश्न. आणि विकत घेतलेला भाग या यंत्राच्या अखेरीनंतरही उपयोगी पडेल काय, हा दुसरा.

खोळंबा शोधण्याची रीत

वाडीला पाणी देणाऱ्यास पहिला प्रश्न समजावून सांगण्याची गरज नाही. विहिरीवर दुप्पट ताकदीचा पंप बसवला, पण पुढचा नळ पूर्वीचाच अरुंद राहिला, तर पाणी दुप्पट येत नाही. फक्त विजेचे बिल वाढते. हाच विचार संगणकतज्ज्ञ जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये शास्त्रीय स्वरूपात मांडला. एखादा भाग कितीही वेगवान केला तरी एकूण कामात त्या भागाचा जेवढा वाटा असेल तेवढ्याच मर्यादेत लाभ होतो. समजा, यंत्र सुरू होण्यास शंभर सेकंद लागतात आणि त्यांपैकी ऐंशी सेकंद ते हार्ड डिस्कची वाट पाहण्यात जातात. प्रोसेसर दुप्पट वेगाचा केला तर उरलेल्या वीस सेकंदांतील दहाच वाचतील. डिस्क दहापट वेगाची केली तर ऐंशीचे आठ होतील आणि शंभराचे काम अठ्ठावीस सेकंदांत आटोपेल.

हा वाटा तपासण्यास पैसा लागत नाही. विंडोज असलेल्या यंत्रात कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांचा वापर टक्क्यांत दिसतो. यंत्र नुकतेच सुरू केले असता, नेहमीचे काम चालू असता आणि ते अडखळत असता, असे तीन वेळा हे आकडे कागदावर टिपून ठेवावेत. डिस्क शंभर टक्क्यांवर आणि प्रोसेसर पंधरा-वीस टक्क्यांवर असेल तर रोग डिस्कमध्ये आहे. प्रोसेसरच सतत शंभरावर असेल तर मात्र स्वस्त उपाय फारसे उरत नाहीत.

येथे एक फसगत होण्याचा संभव असतो. रॅम अपुरी पडली की संगणक तिच्यातील मजकूर तात्पुरता डिस्कवर नेऊन ठेवतो आणि गरज लागताच परत आणतो. ही ये-जा सुरू झाली की डिस्क शंभर टक्के व्यग्र दिसते. वस्तुतः मूळ दुखणे रॅमचे असते. म्हणून एकच आकडा पाहून निदान करू नये. डिस्क भरलेली दिसत असताना मेमरीही नव्वद टक्क्यांच्या आसपास असेल, तर दोन्हींचा विचार करावा लागतो.

प्रथम साफसफाई

किनाऱ्यावरील गावांना एक शत्रू अधिक आहे. खारी, दमट हवा धातूच्या जोडण्यांवर गंज चढवते आणि आतल्या पंख्यावर धुळीचा चिकट थर बसवते. पंख्याची वाट अडली की प्रोसेसर तापतो आणि तापल्यावर स्वसंरक्षणार्थ आपला वेग आपणच कमी करतो. मालकास वाटते, यंत्र म्हातारे झाले. प्रत्यक्षात त्याचा श्वास कोंडलेला असतो. पंखा साफ करणे, प्रोसेसरवरील वाळलेला उष्णतावाहक लेप बदलणे आणि रॅमच्या पट्टीची टोके पुसून घेणे हे काम माहीतगार कारागीर थोड्या वेळात करतो. याचा खर्च कोणत्याही नव्या भागाहून कमी असतो आणि तरीही सर्वांत दुर्लक्षित उपाय हाच आहे. यंत्र सुरू होताच आपोआप चालू होणारे अनावश्यक प्रोग्राम बंद करणे तर फुकटचेच. हे करून पाहण्यापूर्वी एकही वस्तू विकत घेऊ नये.

डिस्कचा प्रश्न

यानंतर बहुतेक जुन्या यंत्रांत पहिला मान हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवण्यास द्यावा लागतो. त्याचे कारण यंत्ररचनेतच आहे. लॅपटॉपमधील सामान्य हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ५,४०० वेळा, म्हणजे सेकंदाला ९० वेळा फिरते. हवा असलेला मजकूर वाचणाऱ्या टोकाखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते. शिवाय ते टोक योग्य जागी सरकण्यास वेळ लागतो तो वेगळाच. विखुरलेले तुकडे वाचावयाचे झाल्यास अशी डिस्क सेकंदाला शंभरही तुकडे देऊ शकत नाही. विंडोज सुरू होताना मात्र हजारो लहान तुकडे वाचावे लागतात. एसएसडीत फिरणारे काहीच नसते. त्यातील चिपमधून असे हजारो तुकडे एका सेकंदात मिळतात. चालू यंत्र उचलून नेताना तबकडीला धक्का बसण्याची भीती असते, तीही येथे नाही. लोकलने रोज ये-जा करणाऱ्या विद्यार्थिनीच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नव्हे.

एसएसडी घेतानाही हात आखडता ठेवण्यास वाव आहे. जुन्या यंत्रात अडीच इंची साटा प्रकारची डिस्क बसते. तिचा वेग सेकंदाला सुमारे ५५० एमबीपर्यंत जातो. एनव्हीएमई प्रकाराचा वेग याच्या अनेकपट असतो. परंतु ती बसण्याची सोय जुन्या यंत्रांत बहुधा नसते, आणि असली तरी पत्रलेखन, हिशेब वा इंटरनेट यांत फरक क्वचितच जाणवतो. आकारमानाचेही तसेच. २५६ जीबीची डिस्क अभ्यासास पुरते. लग्नसमारंभाची छायाचित्रे आणि चित्रफिती जुन्या डिस्कवर ठेवून ती डिस्क स्वस्तातल्या यूएसबी खोक्यात घालून वापरता येते. मात्र बदल करण्यापूर्वी महत्त्वाच्या मजकुराची दुसरी प्रत काढलीच पाहिजे. बाजारात नामांकित कंपन्यांच्या नावाच्या नकली डिस्कही मिळतात. पक्की पावती आणि हमी नसेल, तर कमी किंमत हा लाभ समजू नये.

रॅम, बॅटरी आणि इतर

रॅम चार जीबीवरून आठ केली तर फरक ठळक दिसतो. आजचे ब्राउझर आणि त्यात उघडलेली दहा-बारा पाने चार जीबी सहज खाऊन टाकतात. आठावरून सोळा करणे हे चित्रफितींचे संपादन किंवा अभियांत्रिकीची कामे करणाऱ्यांसाठी ठीक. अर्ज भरणे आणि हिशेब लिहिणे यांसाठी ती उधळपट्टी होय. घेण्यापूर्वी यंत्रात मोकळी खाच आहे काय, की रॅम फळीवरच डाकलेली आहे, हे पाहावे. डीडीआर३ च्या जागी डीडीआर४ बसत नाही. दोहोंच्या खाचा निराळ्या असतात. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांसाठी मागणी वाढल्यामुळे २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव बरेच चढले. अशा वेळी चालू यंत्रातून काढलेली, तपासून दिलेली जुनी पट्टी घेण्यात कमीपणा नाही. रॅम ही बॅटरीसारखी वापराने झिजणारी वस्तू नव्हे.

बॅटरीची गोष्ट उलट आहे. साधारणतः तीनशे ते पाचशे वेळा पूर्ण भरून रिकामी झाल्यावर तिची धारणाशक्ती लक्षणीय घटते. जुनी वापरलेली बॅटरी म्हणूनच कधी घेऊ नये. यंत्र टेबलावरच राहणार असेल, जसे घरगुती निवास चालवणाऱ्याच्या नोंदीचे यंत्र, तर बॅटरीवर खर्च करण्याची घाई नाही. वर्गात नेणारीस ती लागेल. पावसाळ्यात वाऱ्याने वीज गेली की चालू काम वाचावे, एवढ्यासाठीही थोडा तग हवाच. मात्र बॅटरी फुगून तळाचे झाकण उचलले जात असेल तर काटकसरीचा विचार बाजूस ठेवून ती त्याच दिवशी काढून टाकावी. तेथे प्रश्न आगीचा आहे.

प्रोसेसर बदलण्याच्या भानगडीत पडू नये; गेल्या दशकातील बहुतेक लॅपटॉपांत तो फळीवर कायमचा डाकलेला असतो. कळफलकाची दोन-चार बटणे गेली असतील तर घरच्या कामासाठी बाहेरून जोडण्याचा कळफलक स्वस्त पडतो. दोन जीबी रॅम आणि ३२ जीबीची साठवण, दोन्ही डाकलेली, अशी काही लहान यंत्रे मध्यंतरी पुष्कळ खपली. त्यांच्यावर एक रुपयाही घालण्यात अर्थ नाही.

यंत्राचे उरलेले आयुष्य

आता दुसरा प्रश्न. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय आणि इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीचा वा त्यापुढील प्रोसेसर लागतो. उदाहरणातील २०१६ सालचे यंत्र त्यात बसत नाही. त्यावर लिनक्स बसवता येते आणि ते विनामूल्य आहे. मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल उपक्रमात लिनक्स व लिबरऑफिस यांचे धडे मराठीतही उपलब्ध आहेत. परंतु वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीस टॅली शिकावयाचे असते, आणि टॅली विंडोजसाठी बनलेले आहे. येथे मनाजोगते उत्तर नाही. घरी लिनक्स आणि टॅलीचा सराव महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, हा एक मार्ग. आणखी काही महिने पैसे साठवून आठव्या पिढीचे वापरलेले यंत्र घेणे, हा दुसरा.

नेमक्या याच कारणाने एसएसडीचा खर्च सर्वांत निर्धोक ठरतो. जुने यंत्र बंद पडले तरी ती काढून दुसऱ्या यंत्रात बसवता येते. तेथे जागा नसली तर यूएसबी खोक्यात वापरता येते. रॅमचे तसे निश्चित नाही, कारण पुढच्या यंत्राची खाच वेगळी निघू शकते. बॅटरी तर त्या एका नमुन्यालाच बसते. यंत्र गेले की तिचे पैसेही गेले. तेव्हा पाच हजारांच्या मर्यादेत या कुटुंबाने साफसफाई आणि एसएसडी एवढे आधी करावे, आठवडाभर वापरून टास्क मॅनेजरचे आकडे पुन्हा टिपावेत आणि मेमरी खरोखरच तुंबत असेल तरच चार जीबीची जुनी पट्टी घालावी. बॅटरी थांबू शकते. महाविद्यालयात विजेची जोडणी मिळते. उरलेली रक्कम पुढच्या यंत्रासाठी ठेवावी. कोणत्याही परिस्थितीत, तशाच पण बऱ्या स्थितीतील वापरलेल्या लॅपटॉपला बाजारात जी किंमत पडते तिच्या निम्म्याहून अधिक खर्च जुन्या यंत्रावर करणे शहाणपणाचे नाही.

खरेदी पालघर-बोईसरला करावी की मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला, याचाही हिशेब आहे. केळवे रोडहून विरारला गाडी बदलून ग्रँट रोडला जाण्यायेण्यात दिवस मोडतो. तेथे निवड मोठी, भावही उतरते. पण चुकीचा भाग आणला तर दुसरा दिवसही मोडतो आणि वाडीवरची मजुरी बुडते ती वेगळी. जावयाचेच असेल तर जुनी पट्टी व डिस्क काढून सोबत न्यावी, यंत्राचा नमुना-क्रमांक लिहून घ्यावा. थोडे अधिक देऊन जवळच्या दुकानात बसवून घेतले, तर बिघाड झाल्यास त्याच दाराशी परत जाता येते.

काढलेली जुनी बॅटरी वाडीच्या कचऱ्यात वा पालापाचोळ्याच्या आगीत जाऊ देऊ नये. खराब फळ्या आणि तारा भंगारवाल्यास किलोवर विकण्याऐवजी ई-कचऱ्याच्या नोंदणीकृत संकलकाकडे द्याव्यात. ई-कचरा व्यवस्थापनाचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले असून यंत्र बनविणाऱ्या कंपन्यांवर अशा वस्तूंच्या पुनर्वापराची जबाबदारी टाकण्यात आली आहे. हार्ड डिस्क कोणास देण्यापूर्वी तिच्यावरील आधार कार्डाच्या आणि बँकेच्या पासबुकाच्या प्रती पूर्णपणे पुसल्या गेल्या आहेत, याची खात्री करून घ्यावी.