रिन्यूअलआधी एकदा कारखान्यात जाऊन या

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. कुपवाड एमआयडीसी उंचावर, म्हणून इथले कारखानदार निर्धास्त असतात. त्याच पुरात इथल्या एका कारखानदाराचा तयार माल बुडाला, कारण त्याचं गोदाम सांगलीत होतं.

आदल्या वर्षी त्यानं माझ्याकडची पॉलिसी दुसरीकडे नेली होती. प्रीमियम बराच कमी सांगितला होता. तो कमी कसा झाला, हे पुरानंतर कागद पाहिल्यावर कळलं. ‘कुपवाडला कुठलं पाणी येतंय?’ म्हणून वादळ-पुराचं कव्हर काढलेलं, आणि सांगलीच्या गोदामाचा पत्ताच पॉलिसीत नव्हता. त्याला कुणी विचारलंच नव्हतं, ‘शेठ, माल कुठंकुठं ठेवता?’ क्लेम नामंजूर झाला. पॉलिसी माझी नव्हती, तरी त्याच्या केबिनमध्ये बसून ते कागद वाचताना जीव तुटत होता.

म्हणून विम्याच्या धंद्यात येणाऱ्या मुलांना मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो. मुदत संपायच्या दीड-दोन महिने आधी कारखान्यात जा. फोनवर ‘गेल्या वर्षीसारखंच करू ना?’ असं विचारू नका. गेल्या वर्षीचा कारखाना आज तसाच नसतो. नवं सीएनसी मशीन आलेलं असतं, शेजारचा गाळा भाड्यानं घेतलेला असतो, बँकेनं कॅश क्रेडिट वाढवलेलं असतं. मालकाच्या डोक्यात त्याचा विम्याशी संबंध जुळत नाही. तो आपण जुळवायचा.

विमा रकमेवर सगळ्यात जास्त वेळ द्या. ताळेबंदात घसारा वजा केलेला आकडा असतो, आणि कित्येक पॉलिसींत तोच उतरवलेला मी पाहिला आहे. समजा मशिनरीची खरी किंमत १ कोटी आणि विमा ६० लाखांचा. आगीत २० लाखांचं नुकसान झालं, तर हातात येतात १२ लाख, कारण जेवढा विमा कमी तेवढी भरपाई कमी. हे गणित कागदावर मांडून दाखवा. १ एप्रिल २०२१ पासून आलेल्या भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा (एका जागेवर ५ कोटींपर्यंत) आणि भारत लघु उद्यम सुरक्षा (५ ते ५० कोटी) या पॉलिसींत पूर मुळातच धरला आहे, आणि विमा १५ टक्क्यांपर्यंत कमी पडला तर भरपाई कापत नाहीत. त्यापलीकडे कमी पडला, तर कात्री लागतेच.

कोल्ड स्टोरेजवाल्यांचं प्रकरण वेगळं. बेदाणा तयार होतो फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये आणि पुष्कळ पॉलिसी संपतात ३१ मार्चला. डिसेंबरच्या साठ्यावर रक्कम धरली, तर चेंबर भरलेले असताना विमा निम्म्यावर असतो. शिवाय कॉम्प्रेसर बिघडून माल खराब झाला, तर आगीची पॉलिसी एक रुपया देत नाही. त्यासाठी मशिनरी ब्रेकडाउन आणि त्याला जोडून माल खराब होण्याचं कव्हर, दोन्ही लागतात.

एवढं करूनही कुणी स्वस्त कोटेशन पुढे करेल. रागावू नका, त्या एजंटला नावं ठेवू नका. दोन्ही कागद शेजारी ठेवून काय काढलंय ते ओळीओळीनं वाचून दाखवा. माझी बहुतेक गिऱ्हाइकं या अर्ध्या तासामुळे टिकली, प्रीमियम कमी करून नव्हे. तरीही त्यांनी एखादं कव्हर नको म्हटलं, तर तेवढं पत्र सहीशिक्क्यानिशी घ्या.

आणि पैसे शेवटच्या दिवसावर ढकलू देऊ नका. प्रीमियम आधी पोचल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही, असं विमा कायद्याचं कलम ६४ व्हीबी सांगतं. आगीच्या पॉलिसीला सवलतीचे दिवस नसतात. एका रात्रीचा खंड पडला आणि त्याच रात्री शॉर्टसर्किट झालं, तर पंधरा वर्षं भरलेल्या हप्त्यांचा काही उपयोग नाही. मालक बाहेरगावी असेल तर अकाउंटंटला आठवडाभर आधी गाठा.