पाठ : दार, उंबरठा आणि आपली चार फूट जागा

मुलांनो, मागच्या पाठात आपण स्वयंपाकघरातले शब्द शिकलो. आज घराच्या अगदी पुढच्या टोकाला यायचे आहे. आपल्यापैकी बरेच जण अपार्टमेंटमध्ये राहतात. दार उघडले की चार फुटांचा फरशीचा तुकडा, बाजूला कोटांचे कपाट, बुटांचा ढीग आणि लगेच गालिचा. या तुकड्याला मराठीत काय म्हणायचे असे आम्ही वर्गात विचारले, तेव्हा एकाने उत्तर दिले, "बुटांची जागा." उत्तर काही खोटे नाही! पण आपल्या भाषेत याहून चांगले शब्द आहेत.

दाराभोवतीच्या लाकडी पट्ट्यांची ती चौकट. चौकटीचा खालचा, पायाशी असलेला भाग म्हणजे उंबरठा. दार लावायची कडी, ती जिथे अडकते तो कोयंडा. जुन्या दारांना आतून एक जाड लाकडी दांडा आडवा घालत, तो अडसर. (म्हणूनच कामात काही आडवे आले की आपण 'अडसर आला' म्हणतो.) गावाकडच्या घराला पुढे अंगण, मग ओटा किंवा ओसरी. शेतातून आलेला माणूस अंगणात पाय धुणार, ओसरीवर टेकणार, पाणी पिणार आणि मग आत जाणार. वाड्यात मोठ्या दारातून आत शिरले की दोन्ही बाजूंना पहारेकऱ्यांच्या बसण्याची जागा असे, तिला देवडी म्हणत. पुण्याच्या शनिवारवाड्याची वास्तुशांत १७३२ साली झाली. त्याच्या दिल्ली दरवाजावर हत्तीने धडक देऊ नये म्हणून लोखंडी अणकुचीदार खिळे आजही दिसतात. एवढे प्रचंड दार रोज कोण उघडणार? म्हणून त्यातच एक छोटे दार ठेवलेले असते, वाकून जाण्यापुरते. त्याला दिंडी म्हणतात. सुट्टीत पुण्याला गेलात तर हे दार जरूर बघा.

यावरून पालकांच्याही एक गोष्ट लक्षात येईल. ओसरी काय किंवा देवडी काय, ती शोभेसाठी नव्हती. तिथे माणूस बसत असे. आपल्या चार फुटांत सोफा मावणार नाही, पण एक ठेंगणे स्टूल किंवा जाड पाट नक्की मावतो. भारतातून आलेल्या आजी-आजोबांना बुटांच्या नाड्या उभ्याने सोडता येत नाहीत. आरसा आणि फुलदाणी नंतर आणा, आधी बसायची सोय करा.

आता दारावरची पाटी. आपल्या वर्गातल्या एका मुलीची आजी सहा महिन्यांसाठी इकडे आली होती. रोज संध्याकाळी ती इमारतीच्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारी. दोन्हीकडची सगळी दारे एकाच रंगाची, फरक काय तो फक्त इंग्रजी आकड्यांचा, आणि आजींची शाळा मराठी चौथीपर्यंतची. दोनदा त्यांनी दुसऱ्याचेच दार वाजवले. त्यानंतर त्यांनी बाहेर पडणेच सोडले. मग नातीने पुठ्ठ्यावर देवनागरीत आडनाव लिहिले, भोवती हळदीकुंकवाच्या रंगांची किनार काढली आणि ते दारावर लावले. आजींच्या फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या. त्या मुलीचे अक्षर तोपर्यंत वर्गात सगळ्यांत गचाळ होते. पाटीवरचे मात्र सुरेख आले.

पाटी लिहिताना रफार सांभाळा. 'कुलकर्णी' लिहिताना बरीच मुले रफार 'क'वर देतात, कारण कानाला 'कर्' असे ऐकू येते. 'र्' ज्या अक्षराच्या आधी उच्चारला जातो, त्याच्या डोक्यावर रफार बसतो. इथे तो 'णी'वर. 'कर्वे' मध्ये 'वे'वर, 'शिर्के' मध्ये 'के'वर. आपल्या आडनावात रफार नसेल तर जोडाक्षर शोधा, तेही नसेल तर नशीबवान आहात. आणि पाटीवर फक्त बाबांचेच नाव कशाला? आईचे, तुमचे, भावंडांचे, सगळ्यांचे लिहा.

तोरण हा शब्द फार जुना आहे. सांचीच्या स्तूपाभोवती दगडात कोरलेली चार प्रवेशद्वारे आहेत, त्यांनाही तोरणच म्हणतात. शिवाजी महाराजांनी तोरणा गड घेतला, तेव्हा स्वराज्याचे तोरण बांधले असे म्हणायची पद्धत आहे. घरी मात्र आपल्याला लागतात आंब्याची पाने आणि झेंडू. आंब्याची पाने सणाच्या आठवड्यात भारतीय दुकानात मिळाली तर ठीक. नाही मिळाली तर मॅग्नोलियाची लांबट, चकचकीत पाने बघा. दुरून तर फरक कळतही नाही. झेंडूची तर गंमतच आहे. ज्या फुलाशिवाय आपला दसरा होत नाही, ते मूळचे मेक्सिकोचे! तिथे नोव्हेंबरच्या सुरुवातीला पूर्वजांच्या स्मरणाच्या दिवसांत याच फुलांनी घरे सजवतात. तेव्हा तुमच्या वर्गात मेक्सिकन मित्र असेल तर त्याला तोरण दाखवा, त्याला ते मुळीच परके वाटणार नाही. थंडी ओसरल्यावर कुंडीत बी पेरले तर उन्हाळ्यात फुले येऊ लागतात आणि हिम पडेपर्यंत येत राहतात. प्लास्टिकचे तोरण वर्षभर टिकते हे खरे, पण वर्षभर टिकलेले तोरण नंतर कोणी बघतही नाही. आम्हाला सुकलेले खरे तोरण जास्त आवडते.

खिळे ठोकू नका, अनामत रक्कम जाईल. ओढून काढता येणारे चिकट हूक मिळतात, ते चौकटीच्या आतल्या बाजूला लावा. बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये आगीच्या नियमांमुळे बऱ्याच इमारतींत काहीही ठेवू देत नाहीत, पणत्या तर नाहीतच. पाटी लावण्याआधी ऑफिसात विचारून घ्या.

रांगोळी गालिच्यावर काढता येत नाही आणि कॉरिडॉरमध्ये काढली तर कोणाच्या तरी बुटांबरोबर सगळीकडे पसरते. म्हणून आतल्या फरशीवर किंवा काळ्या पुठ्ठ्यावर काढा. पहिल्यांदा काढणाऱ्यांनी सात ठिपके घ्यावेत : वर दोन, मध्ये तीन, खाली दोन. वरचे आणि खालचे ठिपके मधल्या ठिपक्यांच्या बरोबर मध्ये येतील असे द्या. आता मधल्या ठिपक्यापासून बाकीच्या सहांकडे एकेक पाकळी काढा, फूल तयार. जमले की ३-४-५-४-३ असे एकोणीस ठिपके घ्या. भाद्रपदात गौरी येतात तेव्हा त्यांची पावले काढतात, ती नेहमी आत येणारी. गेल्या वर्षी एकाने बाहेर जाणारी काढली आणि त्याच्या आजोबांनी गौरींना फोन करून परत बोलवायला सांगितले!

दोन वाक्प्रचार लिहून घ्या. उंबरठे झिजवणे : कामासाठी पुन्हा पुन्हा एखाद्याकडे जाणे. माप ओलांडणे : नव्या नवरीने उंबरठ्यावरचे तांदळाचे माप पायाने लवंडून सासरी प्रवेश करणे.

गृहपाठ : आपल्या आडनावाची पाटी तयार करून पुढच्या वर्गाला आणा. रफार आधी पेन्सिलीने द्यावा. आणि घरी आईला, बाबांना किंवा फोनवर आजीला विचारा : त्यांच्या लहानपणीच्या घराच्या दाराचा रंग कोणता होता, आणि दारातून शिरल्यावर उजव्या हाताला काय होते? उत्तर मराठीत पाच ओळींत लिहा.