पाव तासाची पूर्वतयारी

परदेशीं जाणारे प्रवासी आगबोटीचें वा विमानाचें तिकीट महिनोगणती आधीं काढितात. परंतु जें पाहावयाचें, त्याचें दार त्या दिवशीं उघडें असेल कीं नाहीं, याची चौकशी क्वचितच करितात. पॅरिसचें लूव्र संग्रहालय मंगळवारीं बंद असतें, हें तेथें पोंचल्यावर कळून काय उपयोग?

मिलान शहरांतील ‘शेवटलें भोजन’ या चित्रासाठीं तर अधिकच तजवीज हवी. एका मठाच्या भोजनगृहाच्या भिंतीवर लिओनार्दो दा व्हिंची यानें तें १४९८ च्या सुमारास पुरें केलें. ओल्या गिलाव्यावर न रंगवितां कोरड्या भिंतीवर रंगविल्यामुळें त्याच्या हयातींतच पोपडे सुटूं लागले. १६५२ मध्यें तर तेथें दार पाडून ख्रिस्ताचे पायच नाहींसे केले! १९४३ च्या बाँबवर्षावांत छप्पर कोसळलें. वाळूच्या पोत्यांआड भिंत मात्र उभी राहिली. वीस वर्षांहून अधिक चाललेला जीर्णोद्धार १९९९ मध्यें संपला. माणसांसवें येणारी धूळ व दमटपणा रंगास बाधतो. म्हणून आधीं वेळ नोंदविलेल्या थोडक्याच लोकांस पाव तासापुरतें आंत घेतात. सोमवारीं तेंही नाहीं.

एवढ्या अवधींत काय पाहावें? आमच्या मतें योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय घरींच वाचून निघावें. आपणांतीलच एक जण प्रभूला धरून देणार, हें ऐकून शिष्यांत उडालेली खळबळ, यहूदाच्या मुठींतील थैली, पेत्राच्या हातांतील सुरी, हीं मग शोधावीं लागत नाहींत.

शेजारचें सांता मारिया देल्ले ग्रात्सिये हें ख्रिस्तमंदिर मात्र संग्रहालय नव्हे. उपासनेच्या वेळा आधीं विचारून ठेवाव्या. त्या वेळीं आंत गेल्यास भक्तांमध्यें बसावें, चित्रें पाहत हिंडूं नये.