घरचा एसी : गॅस भरण्याआधी पाणी पाहावे

मुंबई-भिवंडीपासून रत्नागिरीपर्यंतच्या पट्ट्यात एसी ही आता केवळ श्रीमंतांची वस्तू राहिलेली नाही. दुकानाच्या पोटमाळ्यावर, कारखान्यामागच्या खोलीत, म्हाताऱ्या आई-वडिलांच्या बिछान्याजवळ तो बसला आहे. घेताना घासाघीस भरपूर होते. पुढे दुरुस्तीवर किती पैसा जातो याचा हिशोब मात्र आपले व्यापारी बांधव, जे एरवी पै-पैचा हिशोब ठेवतात, तेही ठेवत नाहीत.

आम्ही कापडाचे व्यापारी, एसीचे कारागीर नव्हे. परंतु हवेतील ओल हा आमच्याही धंद्याचा विषय आहे. पावसाळ्यात गोदामातील ठाणांवर बुरशीचे ठिपके पडले की मालाचा भाव निम्मा होतो. आणि 'एअर कंडिशनिंग' हा शब्द मुळी कापड गिरण्यांतूनच आला आहे. अमेरिकेतील गिरण्यांचे अभियंते स्टुअर्ट क्रेमर यांनी तो १९०६ साली वापरला. सूत तुटू नये म्हणून हवेत ओल राखणे हे त्यांचे काम होते. त्याआधी १९०२ साली विलिस कॅरियर यांनी ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी जे यंत्र आखले, ते उलट ओल काढण्यासाठी होते, कारण दमट हवेत कागद फुगे व रंगावर रंग नीट बसत नसे. म्हणजे गारवा हे या यंत्राचे निम्मेच काम होय. आपल्याकडे पावसाळ्यात हवेतील ओल ८० टक्क्यांच्या वर जाते, तेथे पाणी काढणे हे दुसरे निम्मे काम अधिक मोलाचे.

दीड टनाचा एसी दमट दिवसांत तासाला एक-दोन लिटर पाणी सहज काढतो. म्हणून 'थंड होत नाही' अशी तक्रार आली की मेकॅनिकला बोलावण्याआधी बाहेरच्या नळीकडे पाहावे. नळीतून नेहमीसारखे पाणी पडत असेल तर आतली कॉइल थंड होत आहे. दोष बहुधा घाण फिल्टरचा, बंद न होणाऱ्या खिडकीचा किंवा खोलीच्या मानाने लहान मशीनचा असतो. पाणी बाहेर न जाता भिंतीवर उतरत असेल तर ट्रे किंवा नळी शेवाळाने तुंबली आहे. कॉइलवर बर्फ धरला असेल तर मशीन बंद करून बर्फ वितळू द्यावा आणि प्रथम फिल्टर धुवावा. त्यानंतरही बर्फ धरला तरच गॅसची शंका घ्यावी.

गॅसच्या नावावर जितके पैसे जातात तितके दुसऱ्या कशावर जात नाहीत. गॅस म्हणजे काही गाडीचे पेट्रोल नव्हे की जळून संपावे. तो बंद नळ्यांत फिरतो. कमी झाला याचा अर्थ कोठेतरी गळती आहे. गळती न शोधता दर उन्हाळ्यात गॅस भरून देणारा आपल्याला तेच दुखणे पुन्हा विकत असतो. नायट्रोजनचा दाब देऊन साबणाच्या पाण्याने सांधे तपासा, दुरुस्तीनंतर व्हॅक्यूम पंप लावा आणि गॅस वजनावर मोजून भरा, एवढे तीन शब्द गिऱ्हाईकाने बोलून दाखवले तरी काम सुधारते.

जे तरुण या कामात आहेत त्यांच्यासाठी एक गोष्ट. आजच्या बऱ्याच मशीनमध्ये आर-३२ गॅस असतो. तो सौम्य ज्वलनशील आहे. गॅस आत असताना नळीला वेल्डिंगची ज्योत लावू नये. गॅस बाहेरच्या युनिटमध्ये गोळा करताना नळ्यांत हवा शिरली तर कॉम्प्रेसर फुटू शकतो. आणि चौथ्या मजल्याच्या भिंतीवर लटकून काम करताना कमरेला पट्टा हवाच. गिऱ्हाईक घाई करते म्हणून जीव धोक्यात घालण्याइतका मेहनताना कोणी देत नाही.

घरच्यांनी करावयाचे काम थोडे आहे. हंगामात फिल्टर दर पंधरा दिवसांनी साध्या पाण्याने धुवावा. यंत्रमागाच्या वस्तीत, जेथे हवेत कापसाचे तंतू उडतात, तेथे आठवड्याला. पावसाळ्याआधी व नंतर एकेकदा कॉइल, ट्रे व नळी साफ करून घ्यावी. समुद्राजवळ बाहेरचे युनिट खाऱ्या हवेने कुजते, ते अधूनमधून गोड्या पाण्याने धुवावे, अर्थात वीज बंद करून. नाल्याजवळ राहणाऱ्यांची अडचण वेगळी : गटाराचा वायू तांब्याच्या नळ्या खातो. दमट पण फार उष्ण नसलेल्या दिवशी 'ड्राय' हे बटण वापरावे. आमच्या पाहण्यात निम्म्या घरांना ते कशासाठी आहे हेच माहीत नाही.

बदलण्याचा प्रश्न कॉइल सडली किंवा कॉम्प्रेसर बसला की येतो. मशीन दहा वर्षांच्या आसपासचे असेल, त्यात आर-२२ गॅस असेल, तर मोठा खर्च करू नये. ओझोन थराला बाधक म्हणून भारतात नवीन उपकरणे बनवताना या जातीच्या गॅसच्या वापरावर १ जानेवारी २०२५ पासून बंदी आहे. जुन्या मशीनमध्ये 'चालतो' म्हणून आर-३२ भरू देऊ नका. त्याचा दाब सुमारे दीडपटीहून अधिक असतो.

नवा घेताना मोठा तो चांगला, हा समज सोडावा. १०० ते १२० चौरस फुटांच्या खोलीला एक टन बहुधा पुरतो. वर उन्हाने तापणारा स्लॅब किंवा पत्रा असेल तर दीड घ्यावा. गरजेहून मोठे मशीन काही मिनिटांत हवा गार करून थांबते. कॉइलवरचे पाणी वाहून जाण्याआधीच पुन्हा हवेत मिसळते, आणि खोली गार पण चिकट राहते. आपल्या हवेत हा दोष फार बोचतो. इन्व्हर्टर मशीन वेग कमी करून चालत राहते, म्हणून त्याचा त्रास कमी.

लेबलवर वर्षाचे युनिट लिहिलेले असतात ते १६०० तासांच्या वापरावर. आपण ८०० तास वापरत असाल तर ते निम्मे धरून तीन तारे व पाच तारे यांच्या किमतीतील फरक किती वर्षांत वसूल होतो ते पाहावे. कधी कधी तीन ताऱ्यांचाच सौदा बरा ठरतो. सप्टेंबर २०२५ मध्ये एसीवरील जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, तेव्हा बिलात दर तपासावा. 'बिनव्याजी' हप्ता घेताना रोखीची किंमतही विचारावी. व्याज पुष्कळदा न दिलेल्या सवलतीत आणि प्रक्रिया शुल्कात दडलेले असते.

जुने मशीन भंगारात देताना कॉइल तांब्याची की ॲल्युमिनियमची हे आधी पाहावे, भावात मोठा फरक पडतो. आणि गॅस हवेत सोडू न देता सिलिंडरमध्ये काढणाऱ्यालाच ते द्यावे.