जुनी गाडी चालू होत नाही? एका वेळी एकच गोष्ट तपासा



इयत्ता : सातवी ते नववी
घटक : धाराविद्युत, आम्ल-आम्लारी, ज्वलन, वैज्ञानिक पद्धत

आजचा पाठ तुमच्या पुस्तकात नाही. पण त्यासाठी लागणारं सगळं विज्ञान मात्र पुस्तकात आहे. विषय घरातलाच आहे : जुनी गाडी सकाळी चालू होत नाही, तेव्हा कारण कसं शोधायचं?

उदाहरणासाठी आपण कार्बोरेटर असलेली जुनी मारुती ८०० घेऊ. ही गाडी १९८३ साली रस्त्यावर आली आणि २०१४ साली तिचं उत्पादन थांबलं. तीन सिलिंडर, ७९६ सीसीचं इंजिन, बॉनेट उघडलं की बहुतेक भाग डोळ्यांनी दिसतात. म्हणून शिकायला ही गाडी फार चांगली. गावाकडे अजूनही ती कुणाच्या ना कुणाच्या अंगणात उभी असते.

आता समजा, पहाटे आजीला तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचं आहे. किल्ली फिरवली, गाडी गप्प. घरातले सगळे एकाच सुरात म्हणतात, "बॅटरी गेली!" लगेच नवीन बॅटरी येते, काही हजार रुपये जातात. कधी गाडी चालू होते, कधी होतही नाही. आणि चालू झाली तरी बॅटरीच खराब होती हे सिद्ध होतं का? या प्रश्नाचं उत्तर पाठाच्या शेवटी तुम्हीच द्याल.

पहिला प्रश्न : इंजिन फिरतंय का?

इंजिन चालू व्हायला तीन गोष्टी लागतात. एक, कुणीतरी त्याला सुरुवातीला फिरवायला हवं. हे काम स्टार्टर मोटर करते, आपण तिला 'सेल्फ' म्हणतो. दोन, सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवा योग्य प्रमाणात जायला हवी. तीन, प्लगमध्ये योग्य वेळी ठिणगी पडायला हवी.

ज्वलनाच्या पाठात आपण शिकलो : इंधन, ऑक्सिजन आणि ज्वलनांक तापमान, यातलं एक जरी नसेल तरी ज्वलन होत नाही. इंजिनाचंही तसंच आहे.

म्हणून किल्ली फिरवून फक्त कान द्या.

१. इंजिन फिरतच नाही किंवा अगदी रडत रडत फिरतं : दोष बॅटरी, तिची जोडणी किंवा सेल्फ यांच्या बाजूला.

२. इंजिन जोमात फिरतं, पण पेट घेत नाही : बॅटरी आणि सेल्फ सुटले. दोष पेट्रोल किंवा ठिणगीच्या बाजूला.

बघा, एका प्रश्नाने अर्धी गाडी तपासायची राहिलीच नाही! दुसऱ्या प्रकारात नवीन बॅटरी घेणं म्हणजे पोट दुखत असताना डोळ्यांत थेंब घालणं.

इंजिन फिरत नसेल तर : आवाज आणि दिवे

हेडलाइट लावा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. एकाने किल्ली फिरवायची, दुसऱ्याने बाजूला उभं राहून दिवे बघायचे.

- दिवे मुळातच मंद आहेत आणि सेल्फ मारताना 'टक-टक-टक' असा भरभर आवाज येतो : बहुधा बॅटरी उतरली आहे.
- दिवे लख्ख आहेत, पण सेल्फ मारताच एकदम विझल्यासारखे होतात : बॅटरी कमजोर, किंवा जोडणीत कुठेतरी अडथळा.
- दिवे लख्ख राहतात, सेल्फचा आवाजच नाही : सेल्फपर्यंत वीजच पोहोचत नाही. किल्लीचा स्विच किंवा सेल्फकडे जाणारी वायर तपासायला हवी.

इथे एक प्रश्न वर्गात हमखास येतो : "सर, दिवे लागतात म्हणजे बॅटरी आणि वायर चांगल्याच ना?" नाही. का ते गणिताने पाहू.

हेडलाइटचा एक बल्ब साधारण ६० वॉटचा. ६० भागिले १२ व्होल्ट, म्हणजे ५ अँपिअर. दोन बल्ब मिळून १० अँपिअर. सेल्फला मात्र जड इंजिन फिरवायचं असतं. त्याला सुमारे १०० अँपिअर लागतात असं धरू.

आता समजा, बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी खार चढली आहे आणि तिथे ०.०३ ओहम इतका रोध तयार झाला. ओहमच्या नियमाप्रमाणे विभवांतर = विद्युतधारा × रोध.

दिव्यांसाठी : १० × ०.०३ = ०.३ व्होल्ट वाया. डोळ्यांना कळणारही नाही.
सेल्फसाठी : १०० × ०.०३ = ३ व्होल्ट वाया. बारातले तीन गेले, मग सेल्फ कसा फिरणार?

प्रत्यक्षात रोध वाढल्यावर धारा थोडी कमी होते, त्यामुळे आकडा अगदी ३ येणार नाही. पण मुद्दा तोच राहतो. पाइपात कचरा अडकला तरी नळाची बारीक धार येते, बादली मात्र लवकर भरत नाही, तसंच हे.

मल्टिमीटर असेल तर

शाळेच्या प्रयोगशाळेतला साधा मल्टिमीटर पुरतो. डीसी २० व्होल्टवर ठेवा. गाडी काही तास उभी असताना बॅटरीच्या दोन टोकांना लावा.

१२.६ व्होल्ट : बॅटरी पूर्ण भरलेली
१२.४ व्होल्ट : साधारण पाऊण
१२.२ व्होल्ट : निम्मी
१२.० व्होल्ट : पावभर

हा १२.६ आकडा कुठून आला? बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येक सुमारे २.१ व्होल्टचा. ६ × २.१ = १२.६. आता सांगा, चार्ज केलेली बॅटरी १०.५ च्या आसपासच दाखवत असेल तर? ५ × २.१ = १०.५. म्हणजे एक सेल बाद झाल्याची दाट शक्यता. अशी बॅटरी मात्र बदलावीच लागते.

अजून दोन वाचनं घ्या. सेल्फ मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली गेलं, तर बॅटरी कमजोर आहे किंवा नीट चार्ज झालेली नाही. ती आधी चार्ज करून पुन्हा तपासा, मगच बदलायचा निर्णय घ्या. आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. तेव्हाही १२ च्या आसपासच राहिलं, तर अल्टरनेटर चार्जिंग करत नाही. अशा वेळी नवीन बॅटरी घातली तरी तीही उतरणार! पैसे गेले, दोष तिथेच.

इंजिन फिरतं, पण पेट घेत नाही तर : 'केव्हा?' हे विचारा

इथे सगळ्यात उपयोगी प्रश्न म्हणजे 'केव्हा?'

*बरेच दिवस उभी असल्यावर?* कार्बोरेटरमधल्या छोट्या भांड्यातलं पेट्रोल उडून जातं. इंजिन फिरल्यावरच पंप नवीन पेट्रोल ओढतो, म्हणून थोडा वेळ जास्त सेल्फ मारावा लागतो. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये अर्धा-एक मिनिट थांबा. नाहीतर सेल्फ तापतो आणि बॅटरीही उतरते.

*थंडीत सकाळी?* थंड पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून मिश्रण घट्ट करायला चोक असतो. चोक ओढला का? त्याची केबल खरंच झडप फिरवते का? शिवाय थंडीत बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते आणि ऑइल घट्ट होतं. म्हणून उन्हाळ्यात चाललेली कमजोर बॅटरी डिसेंबरात उघडी पडते.

*भर उन्हात, घाट चढून थांबल्यावर?* इंजिनाच्या उष्णतेने पेट्रोलची वाफ नळीतच होते आणि पंप ती ओढू शकत नाही. बॉनेट उघडून वीस-पंचवीस मिनिटं थांबा. थंड झाल्यावर गाडी आपोआप चालू झाली तर कारण सापडलं.

*पावसाळ्यात?* कोकणात राहणाऱ्यांना हे सांगायला नको. प्लगच्या वायरी आणि डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीत ओल धरते, वीज प्लगपर्यंत न जाता ओलीतून भलतीकडे पळते. किल्ली काढून टोपी कोरड्या फडक्याने आतून-बाहेरून पुसली की अनेकदा काम होतं.

*पेट्रोलचा उग्र वास येतोय?* मग पेट्रोल कमी नाही, जास्त झालंय. मेकॅनिक याला 'ओव्हरफ्लो' म्हणतात. चोक बंद करा, काही मिनिटं थांबा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि सेल्फ मारा. जास्त हवा आत जाऊन प्लग सुकतात.

आणि एक खूण. इंजिन नेहमीपेक्षा फारच हलकं, सुळसुळ फिरत असेल, तर टायमिंग बेल्ट तुटलेला असू शकतो. अशा वेळी सेल्फ मारत बसू नका, मेकॅनिकला बोलवा.

धक्का मारणं हीसुद्धा एक चाचणी आहे

आपल्याकडे धक्का हा उपाय समजतात. पण त्यातून माहितीही मिळते. हाताने गिअर टाकायच्या गाडीत, धक्क्याच्या वेळी सेल्फचं काम माणसं करतात. धक्क्याने गाडी लगेच चालू झाली, म्हणजे पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही ठीक, दोष सेल्फ-बॅटरी-जोडणीत. धक्का मारूनही चालू झाली नाही, तर इंधन-ठिणगीकडे बघा. बॅटरी पार उतरलेली असेल तर ठिणगीलाही वीज मिळत नाही, हे मात्र ध्यानात ठेवा. धक्का सपाट, मोकळ्या जागेवरच मारायचा, रहदारीत नाही.

आता सुरुवातीचा प्रश्न

नवीन बॅटरी बसवली आणि गाडी चालू झाली. जुनी बॅटरी खराब होती, हे सिद्ध झालं का?

विचार करा. बॅटरी बदलताना मेकॅनिक टर्मिनल काढतो, घासतो, घट्ट बसवतो. म्हणजे एकाच वेळी दोन बदल झाले : बॅटरी नवीन आली आणि जोडणी स्वच्छ झाली. यातल्या कशामुळे गाडी चालू झाली, सांगता येईल? नाही. कदाचित चांगली बॅटरी भंगारात गेली असेल!

रोपाच्या प्रयोगात आपण काय करतो? एका कुंडीला ऊन देतो, दुसरीला देत नाही, पण पाणी आणि माती सारखी ठेवतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. गाडीलाही हाच नियम लावा. आधी फुकटचा उपाय : जुनीच बॅटरी ठेवून टर्मिनल साफ करा. मग सेल्फ मारून बघा. नाही जमलं तर बॅटरी चार्ज करा, पुन्हा बघा. नवीन वस्तू सगळ्यात शेवटी.

साफ करताना गरम पाण्यात खाण्याचा सोडा घाला आणि जुन्या ब्रशने खार घासा. फसफस दिसेल : आम्ल आणि सोड्याची क्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. पुसून कोरडं करा, घट्ट बसवा, वरून थोडं व्हॅसलीन लावा.

सुरक्षितता (हा भाग वगळू नका)

- मुलांनी हे काम एकट्याने करू नये. मोठं माणूस सोबत हवंच.
- बॅटरीत सल्फ्युरिक आम्ल असतं. हातमोजे आणि चष्मा घाला.
- बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. जवळ काडी, विडी, ठिणगी नको.
- टर्मिनल काढताना ऋण टोक आधी काढा, बसवताना शेवटी बसवा. गाडीचं लोखंडी अंग ऋण टोकाला जोडलेलं असतं. ते जोडलेलं असताना धन टोकावरचा पाना बॉडीला टेकला, तर मोठी ठिणगी उडते.
- प्लगची ठिणगी उघड्यावर तपासू नका. तिथे हजारो व्होल्ट असतात आणि शेजारी पेट्रोलची वाफ. ते काम मेकॅनिकचं.

पालकांसाठी

मेकॅनिककडे जाल तेव्हा "गाडी बिघडली" एवढंच सांगू नका. "इंजिन जोमात फिरतं, पण पावसाळी सकाळीच पेट घेत नाही, दुपारी ठीक असते" असं सांगा. चांगल्या मेकॅनिकला एवढ्यावर अर्धं कारण कळतं, त्याचा वेळ आणि तुमचे पैसे वाचतात. आजीची तारीख ठरलेली असेल, तर आदल्या संध्याकाळीच एकदा गाडी चालू करून बघा.

स्वाध्याय

१. गाडीचे दिवे लख्ख आहेत, पण सेल्फ मारताच विझतात. कोणत्या दोन शक्यता आहेत? आधी कोणती तपासाल आणि का?
२. टर्मिनलवर ०.०२ ओहम रोध आहे. १२० अँपिअर धारा वाहत असेल तर किती व्होल्ट वाया जातील?
३. इंजिन चालू असताना बॅटरीवर १२.१ व्होल्ट दिसतात. नवीन बॅटरी घ्यावी का? कारण लिहा.
४. घरातली बंद पडलेली एखादी वस्तू निवडा, जसे टॉर्च, सायकलचा दिवा किंवा घड्याळ. दुरुस्त करण्याआधी पालकांच्या मदतीने वहीत तीन रकाने करा : काय दिसलं, काय वाटलं, काय तपासलं. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वही वर्गात घेऊन या.