आधी ऋण, मग धन

मोटारीची बॅटरी कामातून गेली असा निवाडा देण्यापूर्वी तिच्या डोक्यावरील शिशाचे दोन खुंट एकवार उघडून पाहावेत, असे मी परिचितांना आग्रहाने सांगत आलो आहे. आणि ते साफ करायला बसण्यापूर्वी कोणती तार आधी सोडायची याची खात्री करून घ्यावी, असे त्याहूनही अधिक आग्रहाने सांगतो. पहिल्या सूचनेत नव्या बॅटरीचा खर्च वाचवण्याचा प्रश्न आहे, दुसरीत डोळे वाचवण्याचा.

आमच्याकडे रत्नागिरीस पावसाळ्यात गाडी पुष्कळ दिवस उभी राहिली, की खुंटांभोवती पांढरे किंवा हिरवट-निळे पीठ साचलेले हमखास आढळते. बॅटरीतील सौम्य गंधकाम्लाचे सूक्ष्म तुषार खुंटाच्या बुडाशी असलेल्या फटीतून वर येतात आणि शिशाशी संयोग पावून पांढरे लेड सल्फेट, तर तांब्याच्या तारेशी किंवा पितळी क्लॅम्पशी संयोग पावून मोरचूद निर्माण करतात. हा थर सांध्यात शिरला की विजेची वाट अडते. इंजिन फिरवण्यासाठी स्टार्टरला १५० अँपिअरच्या आसपास प्रवाह लागतो. सांध्यात अवघा ०.०२ ओहम रोध उत्पन्न झाला, तरी बारांपैकी ३ व्होल्ट तेथेच खर्ची पडतात, आणि सेल्फ मारला असता नुसता टक् असा आवाज येऊन गाडी ढिम्म राहते. दिव्यांना व हॉर्नला प्रवाह थोडाच लागत असल्यामुळे ते मात्र चालतात. दिवे लख्ख आणि सेल्फ मुका अशी कैफियत असेल, तर संशय प्रथम या सांध्यांवर घ्यावा.

आमच्या भावोजींनी तो बरोबर घेतला होता. गणपती आणण्याच्या दिवशी सकाळी गाडी सुरू होईना, तेव्हा पोरांकडून धक्का मारवून त्यांनी ती सुरू केली, बॅटरी भरावी म्हणून इंजिन बराच वेळ चालू ठेवले, आणि मग ते बंद करून, बॉनेट उघडताक्षणीच, दहाचा पाना धन खुंटाच्या नटावर लावला. पान्याचे दुसरे टोक शेजारच्या पत्र्याला टेकले. मी हातभर अंतरावर उभा होतो. निळसर ठिणगी दिसली आणि पाठोपाठ कानठळ्या बसवणारा आवाज होऊन बॅटरीचे झाकण एका कोपऱ्यात उडाले. चष्म्याच्या काचांवर अम्लाचे थेंब ओघळत होते, डोळे तेवढे बचावले. अंगावरचा सुती सदरा वरवर पाहता धड दिसत होता. दुसऱ्या दिवशी धुऊन वाळत घातला, तेव्हा त्याची चाळणी झालेली होती.

यातील कार्यकारणभाव प्रत्येक मोटारमालकाने मनाशी पक्का करून ठेवावा. गाडीचा सारा लोखंडी सांगाडा बॅटरीच्या ऋण अग्राशी जोडलेला असतो. त्यामुळे धन खुंटावरचा पाना पत्र्याला लागणे म्हणजे दोन्ही अग्रे परस्परांशी थेट जोडणे होय. ऋण तार आधी सोडली, की सांगाड्याचा बॅटरीशी संबंधच तुटतो आणि मग धन खुंट सोडताना पाना कोठेही लागला तरी ठिणगी पडत नाही. दुसरी गोष्ट वायूची. बॅटरी भरत असताना तिच्यातील पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन बाहेर पडतो, आणि हवेत त्याचे प्रमाण सुमारे ४ टक्के झाले तरी तो पेट घेऊ शकतो. म्हणून इंजिन बंद केल्यावर बॉनेट उघडे टाकून चांगला अर्धा तास जाऊ द्यावा. मुहूर्त टळत असला तरी जाऊ द्यावा.

मग अंगठ्या, बांगड्या, घड्याळ उतरवून, हातमोजे व चष्मा घालून काम आरंभावे. सोडलेली ऋण तार कापडात गुंडाळून दूर वळवून ठेवावी, म्हणजे ती पुन्हा खुंटावर येऊन पडणार नाही. क्लॅम्प चिकटला असल्यास हातोडी किंवा पेचकस यांचा प्रयोग कदापि करू नये. शिसे मऊ असते आणि खुंट आतल्या पट्ट्यांपासून निखळतो. त्यावर कोमट पाणी सोडून हलके फिरवावे. पीठ कोरडे खरवडण्याची किंवा फुंकण्याची सवय पुष्कळांना असते. ती घातक आहे, कारण त्यात शिसे असते आणि ते श्वासावाटे शरीरात जाते. पेलाभर पाण्यात मोठा चमचाभर खाण्याचा सोडा विरघळवून ते पाणी थोडथोडे सोडावे. सोड्याने अम्ल मारले जाताना जो फेस फसफसून वर येतो, तो येणे थांबेपर्यंत पुन्हा सोडावे. हे पाणी झाकणावरच्या बुचांतून आत मात्र जाता कामा नये. आतले अम्लही मग त्याच न्यायाने मरते. यानंतर स्वच्छ पाण्याने धुऊन, पुसून, खुंट आणि क्लॅम्पची आतली बाजू तारेच्या ब्रशने शिसे चमकेतोवर घासावी. धुवण परसातल्या अळवाकडे किंवा विहिरीकडे वाहू देऊ नये. जोडताना क्रम उलटा: धन प्रथम, ऋण शेवटी. नट आवळून झाल्यावर वरून व्हॅसलीनचा हात फिरवावा.

इतकी खबरदारी घेऊनही डोळ्यात थेंब उडालाच, तर वाहत्या पाण्याखाली डोळा उघडा धरून निदान वीस मिनिटे धुवावा आणि तडक दवाखाना गाठावा. डोळ्यात सोडा घालण्याचा अघोरी उपाय कोणी सुचवल्यास ऐकू नये.

साफ केलेल्या खुंटावर थोड्याच आठवड्यांत पीठ परत दिसू लागले, तर घासत बसण्यात हशील नाही. इंजिन चालू असताना खुंटांवर मीटर लावून पाहावे: आकडा साधारण १३.८ ते १४.५ व्होल्टच्या दरम्यान असावयास हवा. तो १५ च्या पुढे जात असेल, तर बॅटरी प्रमाणाबाहेर भरली जात आहे व दोष अल्टरनेटरच्या रेग्युलेटरकडे आहे. आकडा ठीक असूनही पीठ येत असेल, तर बहुधा खुंटाच्या बुडाचे सील फुटले आहे आणि बॅटरी बदलणे हाच इलाज उरतो. जुनी बॅटरी भंगारवाल्याच्या हवाली न करता विक्रेत्याकडेच जमा करावी. २०२२ च्या नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, आणि तिचे मोल नव्या बॅटरीच्या किमतीतून बहुधा वजाही करून मिळते.