लॉट थांबतो तिथे पाहा

बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात महिको ही बियाणे कंपनी सुरू केली आणि पुढे हे गाव बियाण्यांसाठी ओळखलं जाऊ लागलं. इथल्याच एका मध्यम बीजप्रक्रिया कारखान्यात मी नोकरी केली. कामाची साखळी मांडून ती सांभाळणारं सॉफ्टवेअर निवडायचं काम दोनदा माझ्याकडे आलं. पहिली निवड चुकली, दुसरी टिकली.

१. आधी लॉटबरोबर चाला. दुसऱ्या वेळी आम्ही डेमो बघण्याआधी सोयाबीनच्या एका लॉटमागे वही घेऊन फिरलो. वजनकाटा, प्री-क्लीनर, ग्रेडर, ग्रॅव्हिटी सेपरेटर, भराई. यंत्रांवर लॉटचे काही तासच गेले. बाकीचे दिवस तो थप्पीला पडून होता, नमुन्याच्या निकालाची वाट बघत. सोयाबीनच्या उगवण चाचणीला आठ दिवस लागतात, कपाशीच्या बारा. पहिल्या सॉफ्टवेअरमध्ये या थांबण्याला जागाच नव्हती.

२. नापास लॉटचं काय, हे विचारा. डेमोत सगळे लॉट पास होतात. प्रमाणित सोयाबीनची उगवण किमान ७० टक्के लागते. ती ६४ आली तर? पुन्हा ग्रेडिंग करायचं की मोंढ्यात धान्य म्हणून विकायचं, हे कोण ठरवणार? तोवर त्या थप्पीची भराई कोण अडवणार? आमच्या पहिल्या सॉफ्टवेअरमध्ये चाचणी झाली की लॉट 'पूर्ण' दिसायचा, मग निकाल काहीही असो. एका मे महिन्यात असाच एक नापास लॉट भराईला लागला. थप्पीवरची खडूची फुली एका हमालमामांच्या लक्षात होती, म्हणून काम थांबलं. त्या पिशव्या बदनापूर-घनसावंगीकडे गेल्या असत्या, तर कुणाला तरी दुबार पेरणी करावी लागली असती. आणि दुबार पेरणीला पुन्हा पैसा आणायचा कुठून? ती दुपार मी विसरलेलो नाही.

३. चित्र वेगळं, कारभार वेगळा. नुसता आराखडा काढायला ड्रॉ.आयओसारखं फुकट साधन पुरतं. काम कुणाकडे अडलंय, मुदत कधी संपते हे कळायला हवं असेल तरच पैसे मोजा. आम्ही पहिल्यांदा महागडं सॉफ्टवेअर घेतलं आणि त्यात चित्रंच काढली.

४. आराखडा बाहेर काढता यायला हवा. बीपीएमएन २.० ही असे आराखडे काढण्याच्या खुणांची प्रमाण पद्धत २०११ पासून आहे. त्या फाइली दुसरीकडे उघडतात. आमच्या पहिल्या सॉफ्टवेअरमध्ये ती सोय नव्हती, सगळं नव्याने काढावं लागलं. बियाण्याचा माग ठेवणारं केंद्राचं 'साथी' पोर्टलही २०२३ मध्ये आलं आहे. लॉटची माहिती आता कारखान्यात कोंडून चालणार नाही.

५. पत्र्याच्या शेडमध्ये नेटवर्क तपासा. स्क्रीन मराठीत मागा.

तुम्ही ही निवड करणार असाल, तर डेमोच्या दिवशी काट्यावरच्या माणसाला आणि प्रयोगशाळेतल्या ताईंना पुढच्या खुर्चीवर बसवा. एक नापास लॉट त्यांच्याच हाताने चालवून बघा. सही त्यानंतर करा.